डोमेन आणि पत्त्यांची रचना दोन्ही एकदम बदलताहेत: ३,८०० जुन्या पत्त्यांना ३०१ कसा लावायचा?

प्रश्न · पानोपानी

लेखसंग्रहाची एक साइट नव्या डोमेनवर न्यायची आहे, आणि त्याच वेळी पत्त्यांची रचनाही बदलते आहे. जुन्या पत्त्यावर आलेला वाचक ३०१ ने, म्हणजे "पत्ता कायमचा बदलला" या सर्व्हरच्या उत्तराने, नव्या पत्त्यावर पोचला पाहिजे. जुने पत्ते तीन प्रकारचे:

जुनेडोमेन/लेख.पीएचपी?आयडी=४१२ (असे सुमारे ३,८००)
जुनेडोमेन/विभाग/प्रवास/ (असे १४)
जुनेडोमेन/चित्रे/ याखालच्या फाइली. त्यांची नावं तशीच राहणार

नवा पत्ता नवेडोमेन/प्रवास/लेखाचं-नाव/ असा असेल, नाव देवनागरीत. जुना सर्व्हर अपाचीचा आहे, नवा एनजिनएक्सचा (दोन्ही वेबसर्व्हरची सॉफ्टवेअर). जुन्यांपैकी सुमारे ३०० लेख नव्या साइटवर घेतलेले नाहीत.

.एचटीअ‍ॅक्सेसमध्ये (अपाचीची फोल्डरपुरती नियमांची फाइल) "रीडायरेक्ट ३०१ /लेख.पीएचपी?आयडी=४१२" आणि पुढे नवा पत्ता अशी ओळ लिहून पाहिली. काहीच होत नाही, चूकही दाखवत नाही. ही ओळ का चालत नाही? ३,८०० ओळी तिथेच लिहायच्या की दुसरी सोय आहे? ३०१ की ३०८ (हाही कायमच्या वळणाचाच संकेत)? न घेतलेले लेख मुखपृष्ठाकडे वळवले तर चालतील का? आणि जुनं डोमेन किती काळ सांभाळावं लागेल?

(आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.)

उत्तर · सर्व्हरघर

आधी ती न चालणारी ओळ. अपाचीची रीडायरेक्ट ही आज्ञा फक्त मार्ग बघते. प्रश्नचिन्हानंतरचा भाग, म्हणजे क्वेरी स्ट्रिंग, तिला दिसतच नाही. त्यामुळे तुमचा नियम कधीच जुळणार नाही, आणि तो व्याकरणाने बरोबर असल्यामुळे सर्व्हर तक्रारही करणार नाही. रीराइटरूलचंही (पत्ता बदलण्याचा नियम) तसंच. क्वेरी तपासायची तर त्याच्या आधी रीराइटकाँडमध्ये (त्या नियमाची अट) क्वेरी_स्ट्रिंग हे चल घ्यावं लागतं.

त्यातही दोन खड्डे आहेत. नमुना नुसता आयडी=४१२ असा ठेवला तर तो ४१२५ लाही जुळतो. म्हणून आधी "सुरुवात किंवा अँड-चिन्ह" आणि नंतर "अँड-चिन्ह किंवा शेवट" असं दोन्ही बाजूंनी बांधून घ्या. दुसरा खड्डा: नव्या पत्त्यात स्वतःची क्वेरी नसेल तर अपाची जुनी क्वेरी आपणहून त्याला चिकटवते, आणि वाचक /प्रवास/लेखाचं-नाव/?आयडी=४१२ वर पोचतो. ती टाकायला क्यूएसडी हा झेंडा (नियमाला जोडायचा पर्याय) लागतो. तो अपाची २.४ पासून आहे.

आता ३,८०० ओळींचा प्रश्न. .एचटीअ‍ॅक्सेस फाइल प्रत्येक मागणीला नव्याने वाचली जाते, एखादं चित्र मागितलं तरीही. अटी-नियमांच्या ३,८०० जोड्या तिथे ठेवू नका. अपाचीत यासाठी रीराइटमॅप आहे: डाव्या बाजूला जुनी किल्ली, उजव्या बाजूला नवा पत्ता अशी साधी मजकूर फाइल. पण मॅप .एचटीअ‍ॅक्सेसमध्ये घोषित करता येत नाही. तो मुख्य कॉन्फिगरेशनमध्ये किंवा व्हर्च्युअल होस्टमध्येच लागतो. सामायिक होस्टिंगवर ही दारं बहुधा बंद असतात.

म्हणून तुमच्या जागी सरळ मार्ग हा: जुन्या डोमेनचा डीएनएस (नावावरून सर्व्हर शोधून देणारी नोंद) नव्या एनजिनएक्स सर्व्हरकडे वळवा आणि सगळे नियम तिथेच लिहा. बदलाच्या एक-दोन दिवस आधी डीएनएस नोंदीचा टीटीएल (नोंद किती वेळ लक्षात ठेवायची ते) ३०० सेकंदांवर आणा. जुना अपाची मात्र त्याच्या लॉगमधल्या मागण्या थांबेपर्यंत चालू ठेवा. सीनेम नोंद टाकली की रीडायरेक्ट झाला असं काही जण समजतात, पण तसं होत नाही. सीनेम फक्त नावावरून सर्व्हर कुठे आहे ते सांगतो. ब्राउझरमधला पत्ता तोच राहतो.

एनजिनएक्समध्ये मांडणी अशी करा:

एचटीटीपी विभागात एक मॅप लिहा. इनपुट आर्ग_आयडी हे चल, आउटपुट नवापत्ता. आत प्रत्येक ओळीत ४१२, मग जागा, मग /प्रवास/… असा नवा मार्ग. या ओळी वेगळ्या फाइलीत ठेवून इन्क्लूड करा. फाइल डेटाबेसमधून स्क्रिप्टने तयार करा, हाताने नको. डीफॉल्ट रिकामं ठेवा. न घेतलेल्या ३०० आयडींना "गेला" असा एक ठरावीक शब्द द्या.

मग जुन्या डोमेनच्या सर्व्हर विभागात /लेख.पीएचपी साठी बरोबरीच्या चिन्हाचं, म्हणजे तंतोतंत जुळणीचं लोकेशन. आत क्रमाने: नवापत्ता "गेला" असेल तर रिटर्न ४१० (कायमचं काढलं), रिकामा असेल तर रिटर्न ४०४ (सापडलं नाही), नाहीतर रिटर्न ३०१ आणि नवं डोमेन अधिक नवापत्ता. लोकेशनच्या आत इफ वापरू नये म्हणतात ते खरं, पण इफच्या आत फक्त रिटर्न असेल तर धोका नाही.

मॅपच्या शोध-तक्त्याचा, म्हणजे हॅशचा, डीफॉल्ट कमाल आकार २०४८ आहे. ३,८०० नोंदींना एनजिनएक्स "मॅप हॅश नीट बांधता आला नाही" अशा अर्थाची सूचना देऊ शकतो. मॅप_हॅश_मॅक्स_साइझ ८१९२ करा. एकच आयडी दोनदा आला तर मात्र सूचना नाही, सरळ चूक येते आणि कॉन्फिगरेशन चढतच नाही. प्रत्येक बदलानंतर रीलोडच्या आधी एनजिनएक्सची स्वतःची चाचणी चालवा.

चित्रांना मॅपची गरज नाही. रिटर्न ३०१, नवं डोमेन, त्याला जोडून रिक्वेस्ट_यूआरआय. इथे यूआरआय हे छोटं चल वापरू नका. ते उलगडलेल्या रूपात असतं, म्हणजे पत्त्यात सांकेतिक रूपात दडवलेली नवी-ओळ खरी नवी-ओळ होऊन हेडरमध्ये शिरते. ही माहीत असलेली सुरक्षा-त्रुटी आहे, आणि कितीतरी तयार उदाहरणांत ती तशीच कॉपी झालेली दिसते.

शेवटची गोष्ट साखळीची. जुन्या एचटीटीपीवरून जुन्या एचटीटीपीएसवर, तिथून नव्या डोमेनवर, तिथून शेवटच्या तिरप्या रेघेच्या पत्त्यावर अशा तीन उड्या नकळत तयार होतात. ८० आणि ४४३, दोन्ही पोर्टांवरून थेट अंतिम पत्ता द्या. अपवाद एकच: जुनं डोमेन एचएसटीएसच्या ("फक्त एचटीटीपीएसनेच या" हा ब्राउझरला दिलेला नियम) प्रीलोड यादीत, म्हणजे ब्राउझरमध्ये आधीच भरलेल्या यादीत असेल तर आधी त्याच होस्टच्या एचटीटीपीएसवर जाणं बंधनकारक आहे.

उत्तर · घाई-नको

३०१ की ३०८ हे मागणीच्या प्रकारावर ठरतं. ३०१ मिळाल्यावर पोस्टची (माहिती पाठवणारी) मागणी गेट (नुसतं पान मागणारी) करून पुढे पाठवायला मानकाची मुभा आहे, आणि ब्राउझर तसंच करतात. फॉर्ममध्ये भरलेली माहिती वाटेत गळते. ३०८ मध्ये पद्धत आणि मजकूर तसेच पुढे जातात. लेख, विभाग, चित्रं या सगळ्या गेटच्या मागण्या आहेत, त्यांना ३०१ पुरेसा. ३०८ चं मानक २०१५ चं आहे, ३०१ फार जुना. एखादं जुनाट फीड वाचणारं साधन ३०८ ला अडखळू शकतं, ३०१ ला नाही.

"कायमचा" हे तुम्हाला प्रत्येक ठिकाणी स्पष्ट लिहावं लागतं. अपाचीच्या रीडायरेक्टला आकडा दिला नाही तर ३०२ जातो. रीराइटरूलचा आर झेंडा नुसता लावला तरी ३०२. पीएचपीतून लोकेशन हेडर पाठवला तरी ३०२. वाचकाला फरक दिसत नाही, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं टिकते. सर्च इंजिन मात्र ३०२ ला तात्पुरता मानतं आणि जुनाच पत्ता यादीत धरून ठेवू शकतं.

याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. वेगळं काही सांगितलं नाही तर ब्राउझर ३०१ आणि ३०८ दीर्घकाळ लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी तो तुमच्या सर्व्हरला विचारत नाही, परस्पर नव्या जागी जातो. म्हणजे ४१२ चुकून भलत्याच लेखाकडे वळवला आणि तासाभरात दुरुस्त केला, तरी त्या तासात येऊन गेलेल्या वाचकाकडे चूक उरतेच. तुम्ही त्याच्या ब्राउझरमध्ये हात घालू शकत नाही. म्हणून पहिले दोन-तीन दिवस ३०२ ठेवा, किंवा ३०१ बरोबर कॅश-कंट्रोल हेडरमध्ये मॅक्स-एज (किती सेकंद लक्षात ठेवायचं ते) ३०० द्या. सगळं ठीक दिसलं की ८६४०० करा. त्याहून वाढवायची गरज मला वाटत नाही. दिवसाला एक जादा मागणी ही दुरुस्तीची वाट उघडी ठेवण्याची फार छोटी किंमत आहे.

एनजिनएक्सचा अ‍ॅड_हेडर ३०१, ३०२, ३०८ वर लागतो, पण ४१० वर लागायला ऑलवेज हा शब्द जोडावा लागतो. शिवाय आतल्या पातळीवर एक अ‍ॅड_हेडर लिहिला की बाहेरच्या पातळीवरचे सगळे गळतात. लोकेशनमध्ये कॅश-कंट्रोल लिहिताना बाहेरचा एचएसटीएस हेडर पुन्हा लिहायला विसरू नका.

न घेतलेले ३०० लेख मुखपृष्ठाकडे वळवू नका. गुगल असे सरसकट रीडायरेक्ट "सॉफ्ट ४०४" म्हणून, म्हणजे पान नसल्यासारखंच धरतं, त्यामुळे पदरात काही पडत नाही. वाचकाचं तर नुकसानच: तो एका विशिष्ट लेखासाठी आला आणि काहीही खुलासा न होता मुखपृष्ठावर उभा राहिला. त्याच विषयावरचा दुसरा लेख खरोखर असेल तर तिकडे ३०१ द्या. नसेल तर ४१०, आणि त्या ४१० च्या पानावर "हा लेख आता उपलब्ध नाही" हे वाक्य, त्या विभागाचा दुवा आणि शोधाची चौकट. ३०० लेखांवरून एकदा नजर फिरवायला एक दुपार लागेल, ती द्या.

उत्तर · अक्षरओळख

पत्ते देवनागरीत आहेत म्हणून थोडं वेगळं सांगतो, कारण इथली चूक डोळ्यांना दिसत नाही.

प्रत्येक अक्षर, मात्रा आणि हलन्त यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतो, आणि टक्केवारीच्या चिन्हांनी लिहिला की ९ चिन्हं. "प्रवास" हा शब्द प, हलन्त, र, व, काना, स असा ६ घटकांचा, म्हणजे पत्त्यात ५४ चिन्हं. नवी साइट वर्डप्रेसवर असेल तर तिथे स्लगची (पत्त्यातल्या लेखाच्या नावाची) जागा २०० चिन्हांची आहे आणि स्लग याच सांकेतिक रूपात साठतो. म्हणजे साधारण २२ घटकांनंतर नाव कापलं जातं. मॅप तयार करताना लेखाच्या शीर्षकावरून पत्ता बनवलात तर लांब नावाचे लेख ४०४ वर जाऊ शकतात. पत्ते नव्या साइटच्या साइटमॅपमधून (साइटच्या सगळ्या पत्त्यांची यादी) घ्या, शीर्षकातून नको.

मॅपच्या उजव्या बाजूला सांकेतिक रूपच लिहा. एनजिनएक्सचं रिटर्न मजकूर आहे तसा हेडरमध्ये टाकतं. कच्ची देवनागरी गेली तर बहुतेक ब्राउझर सांभाळून घेतात, पण लोकेशन हेडरला आस्की पत्ताच हवा, आणि क्रॉलर किंवा जुनी साधनं तिथे चुकतात. साइटमॅपमधून उचललेत तर हे आपोआप साधतं.

डाव्या बाजूला तुमच्याकडे आकडे आहेत, त्यामुळे तिथे त्रास नाही. त्रास १४ विभागांचा. एनजिनएक्सचं लोकेशन उलगडलेल्या पत्त्याशी जुळवलं जातं, म्हणून तिथे /विभाग/प्रवास/ असं सरळ देवनागरीत लिहा. शेवटच्या तिरप्या रेघेसह आणि तिच्याशिवाय, दोन्ही रूपं घ्या. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा, पण बीओएमशिवाय (फाइलीच्या सुरुवातीचं न दिसणारं चिन्ह). बीओएम असेल तर एनजिनएक्स पहिल्याच ओळीला "अनोळखी आज्ञा" म्हणतो, आणि पडद्यावर ती ओळ अगदी बरोबर दिसत असते.

आता खास मराठीचा गुंता: "वाऱ्यावर" हा शब्द तीन प्रकारे टाइप होतो. ऱ हे स्वतंत्र अक्षर अधिक हलन्त. साधा र अधिक नुक्ता अधिक हलन्त. किंवा साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचं जोडचिन्ह. दिसायला एक, बाइट वेगळे, म्हणून सर्व्हरच्या लेखी तीन वेगळे पत्ते. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करणं) पहिल्या दोघांना एक करतं, तिसऱ्याला नाही. विभागांच्या नावात ऱ्य किंवा ऱ्ह असेल तर जुन्या लॉगमध्ये प्रत्यक्ष कोणती रूपं आली आहेत ते बघा आणि प्रत्येकासाठी नियम लिहा. अंदाजाने टाइप केलेला नियम जुळेलच असं नाही.

पुढचा प्रश्न · पानोपानी

आकड्यांची मॅप फाइल तयार झाली. दोन शंका उरल्या. डीएनएस वळवण्याआधी हे सगळं तपासता येतं का? आणि एक मोबाइल अ‍ॅप जुन्या डोमेनच्या /एपीआय/ वर पोस्ट करतं, त्याला नुसता ३०८ पुरेल का?

उत्तर · नोंदवही

येतं. कर्ल या पत्ते मागवून बघायच्या साधनाला रिझॉल्व्ह नावाचा पर्याय आहे. "जुनेडोमेन, पोर्ट ४४३, अमुक आयपी" असं सांगितलं की डीएनएस काहीही म्हणो, तो त्या आयपीकडे जातो, आणि प्रमाणपत्राची तपासणीही जुन्या डोमेनच्या नावानेच होते.

तपासायची यादी फक्त डेटाबेसमधून काढू नका. लोक जे पत्ते प्रत्यक्ष वापरतात ते अ‍ॅक्सेस लॉगमध्ये असतात, आणि ते वेगळे निघतात: आयडी=४१२ च्या पुढे पान=२, छपाईसाठीचं जुनं पान, आधीच्या कुठल्या तरी बदलातून उरलेले पत्ते, फीड. उपलब्ध असेल तितका सगळा लॉग घ्या, मार्ग आणि क्वेरीचा स्तंभ काढा, एकसारखे एकत्र करा, संख्येनुसार लावा. त्यात गुगलच्या सर्च कन्सोल या साधनाच्या लिंक्स अहवालातले पत्ते मिसळा. बाहेरून ज्यांना दुवे आहेत ते पत्ते सगळ्यांत आधी तपासायचे.

मग प्रत्येक पत्त्यासाठी कर्लकडून तीन गोष्टी एका ओळीत छापून घ्या: पहिला प्रतिसाद कोणता, उड्या किती, शेवटचा प्रतिसाद कोणता. अपेक्षा ३०१, १, २०० अशी. उड्या १ पेक्षा जास्त आल्या तर साखळी आहे. शेवटी ४०४ आला तर मॅपमधला उजवा पत्ता चुकलाय. हेड मागणीवर (मजकुराशिवाय फक्त हेडर मागणारी) विसंबू नका. काही अ‍ॅप्लिकेशन हेडला वेगळं उत्तर देतात, म्हणून गेटच करा आणि मजकूर फेकून द्या. कर्ल डीफॉल्टने ५० उड्यांपर्यंत जातो, क्रोम आणि फायरफॉक्स २० ला थांबतात, गुगलबॉट १० ला. म्हणून कमाल उड्या ५ ठेवा, म्हणजे फेरा लगेच उघडा पडेल.

फेरा पडलाच तर पहिला संशय पुढे बसवलेल्या सीडीएनवर (मध्यस्थ सर्व्हरांचं जाळं) घ्या. सीडीएन मूळ सर्व्हरशी साध्या एचटीटीपीने बोलत असेल तर सर्व्हर "एचटीटीपीएसवर जा" म्हणत राहतो आणि सीडीएन पुन्हा एचटीटीपीनेच येतो. उपाय म्हणजे सीडीएन ते सर्व्हर हा टप्पाही एचटीटीपीएस करणं. ते होत नसेल तर एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हेडर (वाचकाची मूळ मागणी एचटीटीपीने आली की एचटीटीपीएसने ते सांगणारा) बघून निर्णय घ्या.

अ‍ॅपचं म्हणाल तर ३०८ ने पद्धत आणि मजकूर टिकतो, पण होस्ट बदलला की ऑथरायझेशन हेडर (ओळखीचा पुरावा) पुष्कळ क्लायंट मुद्दाम काढून टाकतात. कर्लही तेच करतो. हे सुरक्षेसाठी आहे, त्याला तुमच्या बाजूने इलाज नाही. ब्राउझरमधून जाणारी मागणी असेल तर सीओआरएसची (दुसऱ्या डोमेनकडे मागणी करायच्या परवानगीची) आधीची ऑप्शन्स चाचणी रीडायरेक्ट स्वीकारतच नाही. म्हणून /एपीआय/ वळवू नका. जुन्या डोमेनवर ते लोकेशन प्रॉक्सी_पासने (मागणी आतल्या आत पुढे देणारी आज्ञा) नव्या बॅकएंडला जोडा आणि अ‍ॅपची जुनी आवृत्ती वापरातून जाईपर्यंत तसंच राहू द्या.

सर्च इंजिनसाठी: जुन्या डोमेनच्या रोबोट्स.टीएक्सटीमध्ये (क्रॉलरसाठीच्या नियमांची फाइल) क्रॉलरला अडवू नका. क्रॉलरला आत येता आलं नाही तर त्याला ३०१ दिसणारच नाही. नव्या साइटचे कॅनॉनिकल (पानाचा अधिकृत पत्ता सांगणारी खूण), आतले दुवे आणि साइटमॅप थेट नव्या पत्त्यांचे असू द्या, रीडायरेक्टवर जगू नका. सर्च कन्सोलमध्ये पत्ताबदलाचं साधन आहे. ते फक्त डोमेन बदलताना वापरायचं, दोन्ही डोमेनची मालकी एकाच खात्यात सिद्ध असली पाहिजे. जुन्याची मालकी एचटीएमएल फाइल ठेवून सिद्ध केली असेल तर सरसकट रीडायरेक्टने ती फाइल सापडेनाशी होते. आधीच डीएनएसमधल्या टीएक्सटी नोंदीवर या.

उत्तर · सर्व्हरघर

किती काळ हा प्रश्न राहिला होता. गुगल किमान १ वर्ष म्हणतं. पण छापील पुस्तकातला, ईमेलमधला, दुसऱ्याच्या लेखातला दुवा वर्षाने मरत नाही, म्हणून माझं मत: डोमेन परवडतं तोवर ठेवा. नूतनीकरण चुकलं तर ते नाव कोणीही घेऊ शकतो. त्या नावाच्या ईमेलवर येणारे पासवर्ड बदलण्याचे दुवेही मग त्याच्याकडे जातात. वळवलेल्या डोमेनवर कुठल्या खात्यांचे ईमेल आहेत ते आत्ताच तपासून बदलून घ्या.

जुन्या डोमेनचं टीएलएस प्रमाणपत्रही (एचटीटीपीएससाठी लागणारं) तितकाच काळ जिवंत हवं. ब्राउझर आधी प्रमाणपत्र तपासतो, मग ३०१ वाचतो. ते संपलं तर रीडायरेक्ट कितीही बरोबर असो, वाचकाला फक्त इशारा दिसतो, आणि एचएसटीएस असेल तर तो ओलांडून पुढेही जाता येत नाही. लेट्स एन्क्रिप्टची (मोफत प्रमाणपत्र देणारी सेवा) एचटीटीपी-०१ तपासणी (डोमेन तुमचंच आहे हे फाइलीवरून बघणारी) रीडायरेक्टच्या मागे जाते, त्यामुळे सरसकट नियम असेल तर ती नव्या डोमेनवर फाइल शोधते आणि तिथे ती नसते. ८० पोर्टवर वेल-नोन/अ‍ॅक्मे-चॅलेंज या मार्गाचं लोकेशन वेगळं काढा आणि ते रीडायरेक्टमधून वगळा. हे पहिल्या दिवशी लक्षात येत नाही, कारण तेव्हा जुनं प्रमाणपत्र चालू असतं. लावल्याबरोबर नूतनीकरणाची कोरडी चाचणी (खरं प्रमाणपत्र न घेता केलेला सराव) करा, आणि देखरेखीच्या साधनात जुन्या डोमेनचे तीन पत्ते घाला: एक लेख, एक विभाग, एक चित्र. तिथे अपेक्षित उत्तर २०० नव्हे, ३०१ असं लिहा, नाहीतर साधन मागे-मागे जाऊन नवी साइटच तपासत बसेल.